मोटार ड्रायव्हिंग स्कूलनिहाय चाचणी-निकाल जाहीर करण्याबाबत निवेदन

पुणे, जून २०२५

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मार्फत : मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे

विषय : पुणे शहरातील प्रत्येक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून चाचणीस बसलेल्या व उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांची आकडेवारी नियमितपणे जाहीर करणे, तसेच प्रशिक्षणाच्या तासांची खरी नोंद ठेवणे याबाबत.

संदर्भ : मोटार वाहन अधिनियम, १९८८ (कलम ९ व १२), केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ (नियम १५ व २४ ते ३१), माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ (कलम ४).

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे शहराचे रहिवासी आहोत. आमच्यात नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे पालक आहेत, चाळिशी-पन्नाशीत प्रथमच स्टिअरिंग हाती घेतलेल्या गृहिणी आहेत, नोकरीसाठी शहरात आलेले तरुण आहेत आणि टॅक्सी चालवून घर चालवू पाहणारेही आहेत. गाडी नीट शिकावी आणि नियमाने परवाना मिळवावा, एवढीच आमची इच्छा आहे. त्यासाठी शहरातले कोणते स्कूल चांगले, हे ठरवायला आम्हांला कोणताही भरवशाचा आधार नाही. तो आधार बऱ्याच अंशी आपल्या खात्याच्या संगणकात आज आहे. तो नागरिकांसाठी खुला करावा, ही या निवेदनामागची मुख्य मागणी आहे.

घरात कुणी गाडी शिकायचे ठरवले की चौकशी सुरू होते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे. कुणी सांगते, आमच्या गल्लीतला क्लास स्वस्त आहे. कुणी म्हणते, त्यांचे मास्तर फार ओरडतात, पण शिकवतात चांगले. चौकातल्या फलकावर ‘लायसन्ससहित’ असा दर लिहिलेला असतो आणि बहुतेक घरांत निर्णय तिथेच होतो. फी किती, गाडी कोणती, घरी घ्यायला येतील का, हे आपण विचारतो. तुमच्याकडे शिकलेल्यांपैकी किती जण पहिल्याच चाचणीत उत्तीर्ण झाले, हे कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर पडताळून पाहण्याची सोय नाही. स्कूल सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो.

नियमांनी नागरिकाला पुरेसे संरक्षण दिलेले आहे, हे आम्ही आदराने नमूद करतो. केंद्रीय नियम २४ प्रमाणे स्कूलकडे दुहेरी नियंत्रण असलेली, केवळ प्रशिक्षणासाठी राखलेली वाहने हवीत. प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण, पाच वर्षे वाहन चालवण्याचा अनुभव असलेला आणि मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला हवा. वर्गात वाहतूक चिन्हांचे तक्ते, इंजिनाचे व गिअरबॉक्सचे भाग, पंक्चर काढण्याचे साहित्य, पुस्तके, प्रथमोपचार पेटी हवी. नियम ३१ प्रमाणे खासगी वाहनाचे प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी असता कामा नये आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १० पेक्षा कमी असता कामा नयेत. परिवहन वाहनासाठी हीच मर्यादा ३० दिवस व १५ तास आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीची नोंद नमुना १४ मध्ये आणि त्याने गाडी चालवलेल्या तासांची नोंद नमुना १५ मध्ये ठेवणे स्कूलवर बंधनकारक आहे.

आता प्रत्यक्षात काय मिळते ते पाहावे. आमच्यापैकी अनेकांनी घेतलेला कोर्स पंधरा दिवसांचा, रोज अर्ध्या तासाचा होता. हिशेब केला तर साडेसात तास होतात. त्यातही गाडीत दोघे-तिघे शिकणारे एकत्र असतात. एकाला घरून घ्यायचे, दुसऱ्याला घरी सोडायचे, मध्ये सिग्नलला थांबायचे, पेट्रोल भरायचे, आणि हा सगळा वेळ शिकणाऱ्याच्याच खात्यात मोजला जातो. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचे शिकणे पाहिले, तोही तास धरला जातो. उरलेल्या वेळात क्लच आणि ब्रेक मास्तरांच्या पायाखाली असतात. गाडी बंद पडत नाही, मागे घसरत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला जमले. स्वतःच्या गाडीत एकट्याने बसल्यावर पहिल्याच चढावर खरे काय ते समजते.

आमच्यातल्या एका भगिनीला कोर्स संपेपर्यंत एकदाही गाडी उलटी घ्यायला लावली नव्हती. ‘ते चाचणीच्या आदल्या दिवशी दाखवू’ असे तिला सांगण्यात आले. दुसऱ्या एका कुटुंबातील मुलाला पावसात किंवा अंधार पडल्यावर एक दिवसही चालवायला मिळाले नाही, कारण त्याची वेळ सकाळी सातची होती आणि महिना एप्रिलचा. अशा मुलाच्या हाती जुलैत गाडी येते, आणि पुण्यात जुलै म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा, हा धडा याच शहरात रोज शिकवला गेला पाहिजे. दिवे घाट, कात्रज आणि ताम्हिणी पुणेकरांच्या सुट्टीच्या वाटेवर आहेत. कितीजणांना तो धडा मिळतो, हे तासांची नोंद तपासल्याशिवाय कळणार नाही.

सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. हे सारे मृत्यू अपुऱ्या प्रशिक्षणामुळे झाले, असा आमचा दावा नाही. रस्त्यांची रचना, वेग, मद्य, हेल्मेट व सीटबेल्टचा अभाव ही कारणे आहेतच. परंतु ज्याच्या हाती आपण कायदेशीर परवाना देतो त्याला गाडी येते की नाही, एवढे तरी पूर्णपणे शासनाच्या हातात आहे.

उत्तीर्णतेची टक्केवारी जाहीर करावी असे आम्ही म्हणतो तेव्हा तिचे धोकेही आम्ही विचारात घेतले आहेत. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

नुसता एक आकडा दिशाभूल करू शकतो. चाचणीच सैल असेल तर शंभरातले नव्याण्णव पास होतील आणि त्या नव्याण्णवांना काही अर्थ राहणार नाही. म्हणून एखाद्या स्कूलचे किंवा चाचणी केंद्राचे सर्वच उमेदवार उत्तीर्ण होत असतील, तर ती बाब प्रशंसेची नसून तपासणीची मानली जावी. दुसरा धोका असा की टक्केवारी टिकवण्यासाठी स्कूल वयस्कर, घाबरणाऱ्या किंवा सावकाश शिकणाऱ्या माणसाला दाखल करूनच घेणार नाही. तो टाळायचा तर पहिल्या प्रयत्नातील निकालाशेजारी एकूण उमेदवारांची संख्या, सरासरी प्रशिक्षण-तास आणि अखेरीस उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाणही द्यावे. जे स्कूल साठीच्या आजींना वीस तास शिकवून दुसऱ्या प्रयत्नात पास करते, त्याचे काम या तक्त्यात दिसले पाहिजे. वर्षाला दहाबारा उमेदवार पाठवणाऱ्या लहान स्कूलची टक्केवारी एकदोघांच्या निकालाने वर-खाली होते. तिथे तीन वर्षांची एकत्रित आकडेवारी द्यावी. क्रमवारी मुळीच लावू नये.

परदेशात हे झालेले आहे. नेदरलँड्समध्ये चाचणी घेणारी सीबीआर ही संस्था प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलची उत्तीर्णतेची टक्केवारी स्वतः जाहीर करते आणि शिकणारा माणूस आपल्या गावातील स्कूल त्यावरून पारखून घेतो. ब्रिटनमध्ये डीव्हीएसए ही शासकीय यंत्रणा प्रत्येक चाचणी केंद्राचे निकाल प्रसिद्ध करते. तिथे अलीकडच्या वर्षांत मोटारीच्या चाचणीत ४८ टक्क्यांच्या आसपास उमेदवार उत्तीर्ण होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक नापास होतात, आणि यात कुणाला लाज वाटत नाही. त्या देशात दोन केंद्रांची तुलना करताना अडचण येते, कारण स्कॉटलंडच्या बेटावरचे मोकळे रस्ते आणि लंडनची गर्दी यांत मोठा फरक आहे.

पुण्याला मात्र एक अनुकूलता आहे. पुणे कार्यालयाच्या चारचाकी चाचण्या भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक-प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होत आल्या आहेत. ही संस्था केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या, म्हणजे सीआयआरटीच्या, देखरेखीखाली चालते. कोथरूडच्या स्कूलचा उमेदवार असो की हडपसरच्या, चढ तोच, वळणे तीच, उलटी गाडी घ्यायची जागाही तीच. एकाच परीक्षेला बसलेल्या शाळांची तुलना जितकी न्याय्य, तितकीच ही तुलना न्याय्य ठरेल. राज्यात असा प्रयोग सुरू करायचा असेल तर त्यासाठी पुण्याइतके योग्य शहर नाही, असे आमचे ठाम मत आहे.

माहिती गोळा करण्यासाठी नवी यंत्रणा उभी करावी लागणार नाही. अर्ज, चाचणीची वेळ आणि निकाल हे तिन्ही आज ‘सारथी’ या परवान्यांच्या संगणक प्रणालीत नोंदले जातात. अडचण एवढीच आहे की नमुना ५ मधील स्कूलचे प्रमाणपत्र परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आवश्यक असले, तरी खासगी मोटारीच्या उमेदवाराला ते जोडावे लागत नाही. त्यामुळे हजारो उमेदवार स्कूलमध्ये शिकूनही कागदावर स्वतः शिकलेले दिसतात. अर्जात स्कूलचा अनुज्ञप्ती क्रमांक भरण्याचा एक रकाना वाढवला आणि नमुना १४ मधील नोंदीशी तो जुळवून घेतला, तर प्रश्न सुटतो. कुणाचे नाव, पत्ता वा छायाचित्र जाहीर करण्याची गरज नाही. आम्हांला फक्त बेरजा हव्या आहेत. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने मागणीची वाट न पाहता शक्य तेवढी माहिती स्वतःहून खुली करायची आहे, आणि ही माहिती त्यातच मोडते.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. पुणे कार्यालयाच्या हद्दीतील प्रत्येक परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलची आकडेवारी दर तिमाहीस मराठीत प्रसिद्ध करावी. त्यात दुचाकी, चारचाकी व परिवहन वाहन असे वेगळे रकाने असावेत आणि प्रत्येकात चाचणीस बसलेले, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण, नंतरच्या प्रयत्नात उत्तीर्ण आणि सरासरी प्रशिक्षण-तास दिलेले असावेत. ती संकेतस्थळावर द्यावी, संगम पुलाजवळच्या मुख्य कार्यालयात व आळंदी रस्ता येथील कार्यालयात लावावी, आणि प्रत्येक स्कूलने आपल्या दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे.

२. नमुना १५ ची वही कागदावरून मोबाइलवर आणावी. प्रत्येक तासाच्या सुरुवातीस व शेवटी शिकणाऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीनेच तो तास नोंदला जावा. हे झाल्याशिवाय पहिल्या मागणीतील सरासरी तासांना काही किंमत राहणार नाही, म्हणून या मागणीवर आमचा विशेष भर आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी साध्या संदेशाने किंवा वहीत स्वहस्ते सही करून नोंद करण्याची सोय ठेवावी. दहा तास पूर्ण झाल्याशिवाय स्कूलमार्फत चाचणीची वेळ घेता येऊ नये.

३. परवाना चालू असलेल्या, मुदत संपलेल्या व निलंबित झालेल्या स्कूलची यादी पत्ता, प्रशिक्षकांची नावे आणि प्रशिक्षण वाहनांची संख्या यांसह विभागवार उपलब्ध करून द्यावी.

४. शासकीय शुल्क आणि स्कूलची फी वेगवेगळी लिहिलेली पावती सक्तीची करावी. केंद्रीय नियमांप्रमाणे चाचणीचे शुल्क प्रत्येक वाहन प्रकारास ३०० रुपये आणि शिकाऊ अनुज्ञप्तीचे १५० रुपये आहे. ‘लायसन्ससहित’ या एका आकड्यात हे कुठे लपते ते ग्राहकाला समजत नाही. परवाना मिळवून देण्याची आपल्याजवळ काही खास ताकद आहे, असा समज करून देण्यास नियम २७ ने स्कूलला मनाई केली आहे. ‘खात्रीने लायसन्स’ अशा जाहिराती करणाऱ्यांवर नियम २८ खाली कारवाई व्हावी.

५. चाचणीचा निकाल फक्त ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असा न देता गुणपत्रकाच्या स्वरूपात मिळावा. नियम १५ मध्ये उमेदवाराला काय काय आले पाहिजे, याची सविस्तर यादी आहे. चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, मर्यादित जागेत गाडी उलटी घेणे, वळण्याआधी योग्य इशारा देणे, या प्रत्येक बाबीपुढे खूण असावी. नापास झालेल्या माणसाला पुन्हा चाचणी देण्यासाठी किमान सात दिवस थांबावे लागते. त्या सात दिवसांत काय सुधारायचे हे त्याला कळले तरच त्या थांबण्याला अर्थ आहे. हेच गुणपत्रक स्कूललाही पाठवावे, म्हणजे कोणते स्कूल कोणत्या बाबतीत कच्चे शिकवते हे त्याच्या लक्षात येईल.

६. चाचणीच्या वेळी गाडीत उमेदवार आणि चाचणी घेणारा अधिकारी यांच्याखेरीज कुणी नसावे. चाचणीचे चित्रीकरण किमान एक वर्ष जपून ठेवावे आणि तक्रार झाल्यास उमेदवाराला पाहायला मिळावे.

७. तीन वेळा अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला कलम ९ प्रमाणे साठ दिवस थांबावे लागते, आणि त्याने परवानाधारक संस्थेतून सुधार-प्रशिक्षणही घ्यावे, अशी भर २०१९ च्या दुरुस्तीने त्या कलमात घातली आहे. ज्या स्कूलने त्याला आधी शिकवले त्याच स्कूलने हे प्रशिक्षण पुन्हा पूर्ण फी घेऊन द्यावे, असे होऊ नये. या प्रशिक्षणाच्या शुल्काची कमाल मर्यादा ठरवून द्यावी.

८. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था लागू झाली आहे. हलक्या वाहनासाठी तिथे २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, पैकी २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. अभ्यासक्रम चांगला आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु या केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आपल्या कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. शिकवणारा आणि पास करणारा एकच असल्यामुळे अशा केंद्रांच्या काही उमेदवारांची, पूर्वसूचना न देता निवडून, निरीक्षकांनी फेरचाचणी घ्यावी आणि त्या फेरचाचणीचा निकालही तक्त्यात द्यावा.

९. २०२१ पासून आधारच्या साहाय्याने शिकाऊ अनुज्ञप्ती घरबसल्या मिळते. ही सोय नागरिकांना उपयोगी पडली, पण त्यामुळे नवा शिकाऊ चालक कार्यालयाच्या भिंतीवरचा फलकही आता वाचत नाही. म्हणून शिकाऊ अनुज्ञप्ती देताना एक पानी सूचनापत्र मोबाइलवर पाठवावे. स्कूलचा परवाना मूळ प्रतीत पाहावा, गाडीवर स्कूलचे नाव ठळक आहे का ते पाहावे, दहा तास प्रत्यक्ष चालवायला मिळतील असे लेखी घ्यावे, एका फेरीत गाडीत किती शिकणारे असतील ते विचारावे, रात्री, पावसात व घाटात एकेक फेरी मागावी, आणि तिमाही निकाल पाहूनच पैसे भरावेत, इतके त्यात असले तरी पुरे. शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यानंतर तीस दिवसांआधी पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. तो महिना घाई न करता शिकण्यासाठीच आहे, हेही त्यात स्पष्ट असावे.

या मागण्यांना काही स्कूलचालकांचा विरोध होईल, याची आम्हांला कल्पना आहे. त्यांच्यापैकी अनेकांना आम्ही भेटलो. इंधन महागले, दुहेरी नियंत्रणाची गाडी ठेवणे परवडत नाही, शेजारचा निम्म्या फीत दहा दिवसांत कोर्स उरकतो तेव्हा आम्ही बारा तास कसे शिकवायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. तो आम्हांला रास्त वाटतो. आज मन लावून शिकवणाऱ्या मास्तरांना त्यांच्या कष्टाचा कोणताही पुरावा गिऱ्हाइकापुढे ठेवता येत नाही, आणि म्हणून त्यांना कमी फीच्या स्पर्धेत उतरावे लागते. निकाल आणि तास जाहीर झाले तर सर्वांत आधी फायदा अशा स्कूलचा होईल. त्यांच्या प्रतिनिधींना तक्त्याचा नमुना ठरवताना चर्चेला बोलवावे, अशी आमची विनंती आहे.

या वर्षअखेरपर्यंत पहिल्या तिमाहीची आकडेवारी प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध करावी. तत्पूर्वी, हे निवेदन मिळाल्यापासून तीस दिवसांत, आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि प्रत्येक मागणीवर आपल्या कार्यालयाची भूमिका लेखी कळवावी. ज्या मागण्या केंद्र शासनाच्या नियमांत बदल केल्याशिवाय पूर्ण होणार नाहीत, त्या राज्य शासनाच्या शिफारशीसह केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे पाठवाव्यात.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते नागरिक, पुणे
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

सोबत : १. तिमाही तक्त्याचा प्रस्तावित नमुना. २. शिकाऊ चालकांसाठी सूचनापत्राचा मसुदा.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, पुणे, तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती
मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), पुणे शहर